निळ्या बाळांची शस्त्रक्रिया

फॅलोची चौकडी हा निळ्या बाळांमध्ये सर्वाधिक आढळणारा जन्मजात हृदयदोष. मार्सेचे डॉक्टर एतिएन-लुई फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले. यात फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते आणि दोन जवनिकांमधल्या पडद्याला भोक असते, त्यामुळे बरेचसे अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाताच शरीरभर फिरते. ओठ-नखे निळी पडतात. रक्त दाट होऊन मेंदूत गुठळी अडकण्याचा धोका असतो. चालू लागलेली मुले चार पावलांवर उकिडवी बसतात. त्या बैठकीत फुप्फुसाकडे थोडे जास्त रक्त वळते. हे त्यांना कोणी शिकवलेले नसते.

निदान होई, उपाय नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉक्टर हेलन टॉसिग यांच्या एक गोष्ट लक्षात आली : यांतली काही बाळे जन्मानंतर थोडे दिवस बरी असतात आणि डक्टस ही महाधमनीला फुप्फुसधमनीशी जोडणारी गर्भावस्थेतली रक्तवाहिनी मिटली की एकदम खालावतात. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली डक्टस बांधून दाखवली होती. बांधता येते, तर नवी का करता येऊ नये, असा टॉसिग यांचा सवाल होता. ग्रॉस यांनी त्यात रस घेतला नाही.

१९४१ मध्ये हॉपकिन्सला आलेले शल्यचिकित्सक आल्फ्रेड ब्लेलॉक यांनी त्यात रस घेतला. प्रयोगशाळेतले काम मात्र त्यांचे कृष्णवर्णीय सहायक विव्हियन थॉमस यांचे. सुतारकाम शिकलेल्या थॉमस यांची कॉलेजसाठी साठवलेली पुंजी महामंदीत बुडाली होती. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसधमनीला जोडण्याचा सराव त्यांनी कुत्र्यांवर केला, त्यासाठी सुया आखूड करून घेतल्या.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी १५ महिन्यांच्या मुलीवर शस्त्रक्रिया झाली. ब्लेलॉक टाके घालत होते; मागे स्टुलावर उभे राहून थॉमस सूचना देत होते. मुलगी सुधारली, पण काही महिन्यांनी दगावली. पुढच्या मुलांना मात्र गुण आला. १९४५ च्या शोधनिबंधावर नावे ब्लेलॉक आणि टॉसिग यांचीच होती. थॉमस यांना हॉपकिन्सने मानद डॉक्टरेट दिली ती १९७६ मध्ये.

या जोडणीने मूळ दोष जात नाही. रक्त जास्त गेले तर फुप्फुसात पाणी साचते, गुठळी झाली तर वाटच बुजते. दोष आतून दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी १९५४ मध्ये केली. सत्तरच्या दशकात प्रोस्टाग्लँडिन हे औषध आले. शस्त्रक्रियेपर्यंत डक्टस उघडी ठेवण्यासाठी आज नवजात बाळांना तेच देतात.