हरवलेली अक्षरे आणि आपले दस्तऐवज

१९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' आज आपण वाचू शकतो, कारण ते कागदावर छापले गेले आणि कोणीतरी तो कागद जपला. नंतरच्या पिढीची पत्रके, स्मरणिका, शिबिरांची टिपणे मात्र संगणकावर टाईप झाली. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्या काळात डीटीपी सेंटर गावोगावी पोचू लागली होती. तेव्हाची एखादी फाईल आज सापडली, तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसतो. 'फाईल खराब झाली' म्हणून ती पुसली जाते. आमचे म्हणणे असे की, बहुतेक वेळा मजकूर शाबूत असतो. तो कोणत्या सांकेतिक पद्धतीत लिहिला, एवढीच नोंद हरवलेली असते.

हे असे का झाले, ते समजून घेऊ. संगणक अक्षर साठवत नाही, आकडा साठवतो. १९६३ च्या अमेरिकन ॲस्की मानकात १२८ जागा होत्या. देवनागरीला त्यात जागा नव्हती. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने भारतीय लिप्यांसाठी इस्की हे मानक जाहीर केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यातला देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवर बेतलेला होता. म्हणजे मानक होते. पण छपाईच्या बाजाराने दुसराच रस्ता धरला. श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवली गेली. कृतीदेवमध्ये 'क' दिसतो, पण साठवलेला असतो इंग्रजी 'डी'. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. कागदावर सारे ठीक. पण फॉन्ट काढला की अर्थ गेला. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरीची सोय आली, तोवर कितीतरी मजकूर या पद्धतीत साचला होता.

यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. मानक असूनही ते वापरात आणण्याची निकड कोणाला वाटली नाही, आणि त्याची किंमत ज्यांच्याकडे ग्रंथपाल नाही, संगणकतज्ज्ञ नाही, अशा छोट्या मंडळांनी मोजली.

आज आपण युनिकोड वापरतो, तरी डेटाबेसमधली यादी वर्डमध्ये किंवा एक्सेलमध्ये आणताना अक्षरे मोडतात. तेव्हा घाई न करता आधी लक्षण ओळखावे.

साधी इंग्रजी अक्षरे दिसली, तर मजकूर जुन्या फॉन्टचा आहे. तो नेमका कोणता, हे शोधून त्याच फॉन्टचा परिवर्तक वापरावा.

डोक्यावर तिरपी रेघ असलेला लॅटिन 'ए' पुन्हा पुन्हा दिसला, तर मजकूर यूटीएफ-८ चा आहे आणि प्रोग्राम तो पाश्चात्त्य संकेताने वाचतो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते आणि पहिला बाइट सारखाच असतो. तोच हा 'ए'. फाईल सेव्ह न करता बंद करावी आणि आयात करताना यूटीएफ-८ निवडावे.

चौकोन दिसले, तर बहुधा फक्त फॉन्ट नाही.

प्रश्नचिन्हे दिसली, तर मात्र सावध व्हावे. संकेत बदलताना ज्या अक्षराला जागा मिळाली नाही, त्याच्या जागी प्रश्नचिन्हच लिहिले गेले असेल, तर मूळ आकडा पुसला गेला. मूळ प्रतीकडे जाण्यावाचून इलाज नाही.

'हे तांत्रिक काम, चळवळीचा त्याच्याशी काय संबंध?' असे कोणी विचारील. 'ॲट्रॉसिटी' हाच शब्द घ्या. त्यातल्या 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली २००८ मध्ये. त्याआधी, आणि अनेकदा आजही, तो 'अ' ला चंद्र जोडून लिहिला जातो. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. १९८९ च्या कायद्याखालील प्रकरणांची यादी एका रूपाने शोधली, तर दुसऱ्या रूपात लिहिलेली प्रकरणे सापडतच नाहीत. अत्याचार घडला, नोंदही झाली, पण मोजणीत आला नाही. मोजणीत न आलेल्या अन्यायावर निवेदन तरी कशाच्या आधारे देणार?

म्हणून प्रत्येक शाखेने, प्रत्येक वाचनालयाने एवढे करावे. जुन्या फाईल पुसू नयेत. मूळ प्रत तशीच ठेवून दुसऱ्या प्रतीवर काम करावे. फाईलसोबत फॉन्टचे आणि प्रोग्रामचे नाव लिहून ठेवावे. त्या काळात टायपिंग करणारे डीटीपीवाले अजून आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारावे. नवा मजकूर युनिकोडमध्येच लिहावा, एक शब्द एकाच रूपात लिहावा आणि महत्त्वाचे ते कागदावरही छापून ठेवावे.

आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आपणच लिहिलेला वाचता येईना, तर ती तक्रार कोणाकडे करणार?

जय भीम!