एल्मर गाव सोडून गेला

हौशी बिनतारी संदेशकांना जगभर ‘हॅम’ म्हणतात आणि त्यांच्यातल्या नवख्याला हाताशी धरणाऱ्या जाणत्याला ‘एल्मर’. हा शब्द रूढ झाला तो १९७१मध्ये, अमेरिकेतल्या ‘क्यूएसटी’ मासिकातील रॉड न्यूकर्क यांच्या सदरातून. त्यांनी एक नेहमीची रडकथा नोंदवली होती : परवाना हाती यायचाच होता, पण शिकवणारा एल्मर गाव सोडून गेला आणि हौस विरली.

परवाना परीक्षेने मिळतो. पण अँटेना कुठे बांधावी, चालू संभाषणात केव्हा शिरावे, त्याआधी किती ऐकावे, हे जाणत्याशेजारी बसून लवकर उमगते. हौशी रेडिओचा इतिहास आपण बहुधा यंत्रांच्या अंगाने लिहितो. त्या रडकथेत मात्र यंत्रे, पुस्तके, परीक्षा सारे जागच्या जागी होते. गेला होता तो एक माणूस.