नव्या नाटकाची शिफारस : एका आंतरभाषिक व्यवहाराचा इतिहास

नाटकाचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः नाटककार, दिग्दर्शक आणि प्रेक्षक या तिघांचा विचार करतो. नवी संहिता वाचून ‘हे नाटक व्हायला हवे’ असे दुसऱ्याला सांगणारा चौथा माणूस मात्र या इतिहासात क्वचितच आढळतो. त्याचे सांगणे बहुधा तोंडी असते. ते कागदोपत्री उरत नाही. तथापि १९६० नंतर ज्याला आपण ‘आधुनिक भारतीय नाटक’ म्हणू लागलो, ते बऱ्याच अंशी अशा शिफारशींतून आकारास आले. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा व्यवहार दुर्लक्षिता येणार नाही. आपण कोणत्या नाटकांची तुलना करतो, हेही पुष्कळदा त्यानेच ठरविलेले असते.

या व्यवहाराचे ठळक उदाहरण म्हणजे सत्यदेव दुबे. बिलासपूरहून मुंबईत आलेल्या या हिंदीभाषक रंगकर्मीने १९६२ मध्ये धर्मवीर भारतींच्या ‘अंधा युग’चा प्रयोग केला. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या काव्यनाटकाला तेव्हा कुठे रंगमंचाचे बळ लाभले; पुढील वर्षी इब्राहिम अल्काझी यांनी ते दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या अवशेषांत उभे केले. बादल सरकारांचे ‘एवं इंद्रजित’, गिरीश कार्नाडांचे ‘ययाती’ आणि ‘हयवदन’ ही नाटकेही दुबे यांनी हिंदीत आणली. तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) वर त्यांनी १९७१ मध्ये मराठी चित्रपट काढला. दुबे यांच्या बाबतीत शिफारस आणि प्रयोग या दोन क्रिया वेगळ्या राहिल्याच नाहीत.

शिफारशीचे दुसरे माध्यम नियतकालिकांचे. ‘एवं इंद्रजित’ १९६५ मध्ये ‘बहुरूपी’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नेमिचंद्र जैन यांनी दिल्लीत ‘नटरंग’ सुरू केले. मराठीत महेश एलकुंचवार यांची ‘सुलतान’ ही एकांकिका ‘सत्यकथे’त आली, ती विजया मेहता यांच्या वाचनात आली आणि ‘रंगायन’च्या रंगमंचावर पोचली. संपादकाने छापणे ही पहिली शिफारस, दिग्दर्शकाने वाचून उचलणे ही दुसरी.

तिसरे माध्यम भाषांतराचे. तेंडुलकरांनी ‘तुघलक’ आणि मोहन राकेश यांचे ‘आधे अधूरे’ मराठीत आणले; कार्नाडांनी ‘एवं इंद्रजित’ इंग्रजीत नेले. एका नाटककाराने आपले लेखन बाजूला ठेवून समकालीनाच्या संहितेवर श्रम करावेत, याहून गंभीर शिफारस कोणती?

परंतु या इतिहासाची दुसरी बाजू नमूद केली पाहिजे. तेंडुलकर, कार्नाड, सरकार, राकेश ही चार नावे अभ्यासक्रमांत एका दमात उच्चारली जातात. त्यांची थोरवी वादातीत आहे; पण त्यांचे एकत्र येणे केवळ गुणवत्तेचा परिणाम नव्हे. मुंबई, दिल्ली, कोलकाता या महानगरांतील परिचय आणि हिंदी हा सेतू यांमुळे ते शक्य झाले. ज्यांच्यामागे असा परिचय नव्हता, ते तुलनेच्या कक्षेत उशिरा आले किंवा आलेच नाहीत. दलित रंगभूमीचे उदाहरण बोलके आहे. दत्ता भगत यांचे ‘वाटा-पळवाटा’ हे नाटक ऐंशीच्या दशकातले, गो. पु. देशपांडे यांनी संपादिलेल्या साहित्य अकादेमीच्या इंग्रजी संकलनात ते २००० मध्ये समाविष्ट झाले. मधल्या काळात ‘भारतीय नाटका’विषयी जे सिद्धान्त मांडले गेले, त्यांत हा अनुभव जमेस धरला गेला नव्हता.

या उणिवेची जाणीव संस्थांना झाली नाही असे नाही. सतीश आळेकर यांच्या कल्पनेतून पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ च्या सुमारास नाटककारांसाठी जी विकासयोजना राबविली, तिने नव्या लेखकाचा शोध परिचयाच्या वर्तुळाबाहेर नेला.

आज आपल्यापुढील प्रश्न असा की, शिफारशीचे हे काम कोणी करावे? माझ्या मते त्यातील काही वाटा विद्यापीठीय अभ्यासकाने उचलला पाहिजे. मी येथे दोन नाटके सुचवितो. राजकुमार तांगडे लिखित ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ (२०१२) हे नंदू माधव यांनी जालना परिसरातील कलावंतांना घेऊन दिग्दर्शित केलेले नाटक. शिवाजी महाराजांचे विचार आज कोणाच्या डोक्यात आहेत, हा त्याचा प्रश्न. ‘तुघलक’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ यांच्या शेजारी ते ठेवले, तर इतिहास रंगमंचावर कोणाच्या बोलीत सांगितला जातो, हा मुद्दा प्रथमच नीट उभा राहील. दुसरे, आशुतोष पोतदार यांचे ‘एफ-१/१०५’. घराच्या भिंतीला हिरवा रंग द्यावा की नाही, एवढ्याशा निमित्ताने ते रंग, अस्मिता आणि संशय यांचा उलगडा करते.

पहिल्याच्या भाषांतरात शाहिरी आणि मराठवाडी बोली अडसर ठरतील, यात शंका नाही. पण भाषांतरास सुलभ तेवढेच निवडत गेलो, तर आपली तुलना पूर्वीच्याच वर्तुळात फिरत राहील.