आकाशमार्गें रुग्णसेवा



लक्ष्मण मूर्च्छित पडला तेव्हां हनुमंतानें औषधींचा पर्वतच उचलून रणभूमीवर आणला, ही कथा आमच्या पंचवटींत लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. आधुनिक काळानें ही रीत उलटी केली. औषध रुग्णापाशीं आणण्याऐवजीं रुग्णासच औषधापाशीं नेणारें यंत्र त्यानें निर्माण केलें. तें यंत्र म्हणजे हेलिकॉप्टर. त्याच्या रुग्णसेवेचा आरंभ आपल्या पूर्व सीमेवर झाला, ही गोष्ट मात्र थोड्यांसच माहीत असते.

१९४४ सालच्या एप्रिल महिन्यांत ब्रह्मदेशांत जपानी फौजेच्या पिछाडीस एक लहान अमेरिकन विमान पडलें. त्यांतील वैमानिक व तीन जखमी ब्रिटिश सैनिक अरण्यांत अडकले. भोंवतीं शत्रु; दुसरें विमान उतरावें तर जागा नाहीं. तेव्हां आसामांतील लालाघाटच्या तळावरून लेफ्टनंट कार्टर हार्मन सिकोर्स्की बनावटीचें हेलिकॉप्टर घेऊन त्यांच्या सुटकेस गेला. त्यांत चालकाखेरीज एकच मनुष्य नेतां येई. त्या उष्ण हवेंत इंजिन इतकें तापलें कीं दोन खेपांनंतर उरलेलें काम दुसऱ्या दिवसावर टाकावें लागलें. तरी एकेक करून चौघेही सुटले.

पुढें १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धांत हेलिकॉप्टरच्या बाहेरच्या बाजूस स्ट्रेचर बांधून हजारों जखमी आघाडीमागील फिरत्या शस्त्रक्रियागृहांत पोंचविण्यांत आले. जें एकाचें साहस होतें त्याची आतां व्यवस्था झाली. या इतिहासाचें मर्म येथेंच आहे. यंत्र रुग्णास उचलतें. परंतु उचलण्याच्या जागेपासून शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंतची सांखळी अखंड असेल तरच त्याचे प्राण वांचतात.

आपल्याकडे या सेवेची खरी कसोटी सियाचिनवर लागली. १३ एप्रिल १९८४ रोजीं सुमारें १८,००० फूट उंचीच्या बिलाफोंड ला खिंडींत चीता हेलिकॉप्टरांनीं कॅप्टन संजय कुलकर्णी यांची तुकडी उतरविली. कांहीं तासांतच तुकडीच्या बिनतारी संदेशवाहकाच्या फुप्फुसांत पाणी झालें. या विकारावर मुख्य उपाय म्हणजे रुग्णास तत्काळ खालीं आणणें, आणि त्यास हवाईमार्गेंच परत नेण्यांत आलें. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. पात्यांस आधार कमी मिळतो, इंजिनाची शक्ति घटते. म्हणून तेथें एकेका किलोचा हिशेब ठेवावा लागतो, आणि चालकाच्या हातावर सारें अवलंबून राहतें.

असे हात घडविण्याचें काम आमच्या नाशिकांत चालतें. आकाशांतून तोफांच्या माऱ्यास दिशा दाखविणाऱ्या तोफखान्याच्या वैमानिकांपासून सैन्याचें हवाई दल वाढत आलें, व १ नोव्हेंबर १९८६ रोजीं तें स्वतंत्र झालें. देवळालीच्या तोफखाना विद्यालयाशेजारींच, नाशिकरोडच्या गांधीनगर विमानतळावर, २००३ पासून या दलाचें प्रशिक्षण विद्यालय आहे.

सैनिकांसाठीं निघालेली ही सोय आतां नागरिकांकडे वळूं लागली आहे. १३ नोव्हेंबर २०२१ रोजीं गडचिरोलीच्या जंगलांतील चकमकींत जखमी झालेल्या चार पोलिसांस हेलिकॉप्टरनें नागपुरास नेलें. २९ ऑक्टोबर २०२४ रोजीं ऋषिकेशच्या एम्स रुग्णालयानें सर्वसामान्य रुग्णांसाठीं हेलिकॉप्टर-सेवा सुरू केली; तिचें नांवही 'संजीवनी'. १७ मे २०२५ रोजीं केदारनाथला उतरतांना त्या सेवेच्या हेलिकॉप्टरास अपघात झाला. सुदैवानें मनुष्यहानि झाली नाहीं. पण हें काम किती जोखमीचें आहे तें मात्र दिसून आलें.

मग आपल्या जिल्ह्याचें काय? सुरगाणा-पेठच्या डोंगरांत आजही कित्येक पाड्यांवरील अडलेल्या बाळंतिणीस डोलींतून सडकेपर्यंत आणावें लागतें. २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी मिळूं लागली, पण ती सडक असेल तेथपर्यंतच. प्रत्येक पाड्यावर हेलिकॉप्टर उतरेल असें कोणी म्हणणार नाहीं; पावसाळ्यांतील धुक्यांत तें उडूंही शकणार नाहीं. तथापि तालुक्यांत उतरण्याच्या जागा आधींच आंखून ठेवणें, निरोप कोणी कोणास द्यावयाचा हें ठरविणें, सोबत जाणारा वैद्य तयार ठेवणें, आणि सर्वांआधीं पाड्यापासून सडकेपर्यंतचा रस्ता करणें, हें तर आपल्या हातचें आहे. हार्मनचें यंत्र दुबळें होतें, तरी चौघे वांचले. आज आपल्यापाशीं समर्थ यंत्रें आहेत आणि तीं चालविणारे आपल्याच दारीं शिकतात. उणीव आहे ती सांखळीच्या पहिल्या कडीची, आणि ती कडी जमिनीवरच जोडावयाची आहे.