अपराध, गुन्हा आणि शोकांतिका

गुन्हा दाखल होतो. अपराध पोटात घातला जातो. ‘गुन्हा’ हा फारसी ‘गुनाह’वरून आलेला शब्द मराठीत पोलीस ठाण्यात आणि कचेरीत स्थिरावला. ‘अपराध’ मात्र रोजच्या बोलण्यात नात्यातच राहिला. लेकराने आईपुढे, भक्ताने देवापुढे कबूल करायचा तो अपराध. म्हणूनच घराण्याच्या नाशाची कथा सांगणाऱ्या शोकांतिकेशी या शब्दाचे जवळचे नाते आहे आणि ते त्याच्या धातूपर्यंत पोचते.

‘राध्’ म्हणजे सिद्धीस जाणे, प्रसन्न करणे. ‘आराधना’ त्याच धातूची. त्याला ‘अप’ लागला की अर्थ होतो हुकणे, साधायचे ते न साधणे. अमरकोशात ‘अपराद्धपृषत्क’ असा शब्द आहे. पृषत्क म्हणजे बाण, आणि ज्याचा बाण लक्ष्यावरून ढळला तो धनुर्धर म्हणजे अपराद्धपृषत्क. यात दुष्टपणाचा लवलेश नाही. नेम धरलेला आहे, बाण सुटलेला आहे, फक्त तो भलतीकडे गेला आहे.

ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त शोकांतिकेच्या नायकाच्या पतनाचे कारण सांगताना ‘हमार्तिया’ हा शब्द वापरला. त्याचे क्रियापद होमरच्या ‘इलियड’मध्ये फेकलेला भाला हुकला की येते. पुढे ग्रीक नव्या करारात याच शब्दाला ‘पाप’ असा अर्थ आला. दोन भाषांनी चुकीचे नाव शस्त्राच्या हुकलेल्या नेमावरून घ्यावे, हे साम्य विलक्षण आहे.

मराठी समीक्षेत हमार्तियासाठी ‘प्रमाद’ किंवा ‘स्वभावदोष’ हे शब्द येतात. ते मला अपुरे वाटतात. प्रमादाच्या मुळाशी ‘मद्’ आहे; त्यात बेसावधपणा गृहीत आहे. सोफोक्लीसचा ईडिपस (पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेला ‘राजा ओयदिपौस’) बेसावध होता का? बापाचा वध आपल्या हातून होईल ही देववाणी ऐकताच तो कॉरिंथ सोडतो, कारण तिथल्या राजाराणीलाच तो आईबाप समजत असतो. पाप टळावे म्हणूनच तो दूर जातो, आणि तीन वाटा मिळतात तिथे ज्या अनोळखी माणसाला ठार मारतो तोच त्याचा जन्मदाता निघतो. तो रागीट आहे, हे खरे. पण त्याच्या नाशाचे मूळ रागात नसून त्याने कुणाला कोण मानले यात आहे.

वि. वा. शिरवाडकरांचे, ‘किंग लिअर’शी नाते सांगणारे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. गणपतराव बेलवलकर आपली सारी पुंजी मुलांच्या हवाली करतात. पुढे लेकीच्याच घरी त्यांच्यावर चोरीचा आळ येतो. मुलांच्या वागण्याला आपण ‘विश्वासघात’ म्हणतो. ‘विश्वास’ आला तो ‘श्वस्’पासून, म्हणजे श्वास घेण्यापासून. ज्याच्याजवळ निर्धास्तपणे श्वास घेता येतो, त्याच्यावर विश्वास. ‘घात’ ‘हन्’पासून, म्हणजे ठार मारण्यापासून. फारसीतून आलेला ‘दगा’ शत्रूही देऊ शकतो. विश्वासघात करायला माणूस आपलाच लागतो. आणि बेलवलकरांकडून काय घडले? प्रेमाने दिले, पण कुणाला आणि किती, याचा नेम हुकला. तो अपराध.

शोकांतिकेतल्या घरात हे दोन्ही शब्द एकाच छपराखाली राहतात. एकाचा बाण चुकतो, दुसरा जाणूनबुजून घात करतो, आणि होरपळतात सगळेच. पण दोघांना एकाच मापाने मोजले तर नाटकाचा न्याय होत नाही. नायकाच्या माथी स्वभावदोष मारला की आपण न्यायाधीश होतो. अपराध म्हटले की त्याचे नातलग होतो, तो पोटात घालायचा की नाही हे आपल्यालाच ठरवावे लागते. प्रेक्षकाने नेमके हेच करावे, असे शोकांतिका मागते. म्हणून हमार्तियाला मराठीत ‘अपराध’च म्हणावे. शब्द आपल्या घरातला आहे, आणि त्याचा जुना अर्थ अजून जिवंत आहे.