शेतकऱ्याच्या नावाने लढली गेलेली इंटरनेटची लढाई

१/ २८ डिसेंबर २०१५. फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांचा लेख एका इंग्रजी दैनिकात प्रसिद्ध झाला. त्यात महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याचा दाखला होता : ‘फ्री बेसिक्स’मुळे त्याला हवामान आणि शेतमालाचे भाव कळू लागले. वाद त्या शेतकऱ्याच्या गरजेविषयी नव्हताच. त्याला काय दिसावे हे कोणी ठरवायचे, हा खरा वाद होता.

२/ वाशीम जिल्ह्यातील आसेगावचे उदाहरण घेऊ. सोयाबीन विकण्यापूर्वी भाव पाहायचा आहे. एक संकेतस्थळ फुकट उघडते, उरलेल्यांसाठी पैसे मोजावे लागतात. मग बहुतेक जण फुकटाचेच पाहणार. दुसऱ्या ठिकाणची माहिती अधिक अचूक असली तरी ती त्यांच्यापर्यंत पोहोचणारच नाही.

३/ ‘फ्री बेसिक्स’ची रचना अशीच होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘इंटरनेट.ऑर्ग’ या नावाने, रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने, महाराष्ट्रासह काही राज्यांत ती सुरू झाली. निवडक संकेतस्थळे विनामूल्य, बाकीच्या महाजालासाठी शुल्क.

४/ तत्त्व मात्र जुने आहे. अमेरिकेच्या १८६० च्या पॅसिफिक तारायंत्र कायद्यात अट होती की, सरकारी तारा वगळता सर्व संदेश ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने, भेदभाव न करता पाठवावेत. तार वाहून नेणाऱ्याने तारेतील मजकुरात पक्ष घेऊ नये, हा त्यामागचा विचार. ‘नेट न्यूट्रॅलिटी’ ही संज्ञा टिम वू यांनी २००३ मध्ये रूढ केली.

५/ भारतात ठिणगी पडली डिसेंबर २०१४ मध्ये. एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे शुल्क जाहीर केले आणि विरोध होताच काही दिवसांत मागे घेतले. मार्च २०१५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २० प्रश्नांची चर्चापत्रिका काढली. एप्रिलमध्ये मुंबईच्या ‘एआयबी’ या विनोदी कलाकारांच्या चित्रफितीने हा रुक्ष विषय घरोघरी नेला. ट्रायकडे १० लाखांहून अधिक ईमेल गेले.

६/ ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निर्णय दिला : मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. उल्लंघन केल्यास दिवसाला ५०,००० रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड. अपवाद केवळ आणीबाणीच्या सेवांचा. ‘फ्री बेसिक्स’ भारतातून गेले. जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने वेग कमी-जास्त करण्यासारख्या भेदभावावरही बंदी घालणारी तत्त्वे मान्य केली.

७/ तथापि केवळ नियमाने इंटरनेट स्वस्त होत नाही. त्यासाठी स्पर्धा लागते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा पुरवठादार तो एकच होता. १९९८ च्या जुलैत वाशीम अकोल्यापासून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खासगी पुरवठादारांना दार उघडले आणि निगमची मक्तेदारी संपली.

८/ सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आली आणि डेटाचे दर कोसळले. गरिबाला निवडक का होईना, पण फुकट इंटरनेट हवे, हा युक्तिवाद अवघ्या काही महिन्यांत दुबळा ठरला. संपूर्ण इंटरनेटच आवाक्यात येऊ लागले.

९/ पण त्याच दरयुद्धात स्पर्धकही गळाले. २०१७ च्या अखेरीस रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा गुंडाळली. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. तीन मोठ्या खासगी कंपन्या आणि भारत संचार निगम, एवढेच उरले.

१०/ शहरातला ग्राहक पुरवठादार बदलू शकतो. खेड्यात मात्र ज्याच्या टॉवरची रेंज येते, तोच पुरवठादार. स्पर्धा जिथे तोकडी, तिथे पुरवठादाराला पक्षपात करणे सोपे. म्हणून २०१६ च्या नियमाची गरज मुंबई-पुण्यापेक्षा आसेगावासारख्या गावाला अधिक आहे. ज्या शेतकऱ्याच्या नावाने तो नियम टाळण्याचा प्रयत्न झाला, त्याच्याच तो सर्वाधिक कामाचा आहे.