हृदयाचा ताल : प्रयोगशाळेपासून घरापर्यंत

हृदयाचा प्रत्येक ठोका एका क्षीण विद्युत्-स्पंदाने सुरू होतो. हा स्पंद शरीराच्या पृष्ठभागावरून नोंदता येतो, हे लंडनच्या ऑगस्टस वॉलर यांनी 1887 साली दाखवले. पण स्पष्ट आलेख मिळाला तो हॉलंडमधील लायडन येथे. विलेम आइन्टहोवेन यांनी प्रबळ चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्‌झचा तंतू ताणून बसवला. हृदयाचा विद्युत्प्रवाह त्यातून गेला की तंतू हलकेच सरके. हे यंत्र सुमारे 270 किलो वजनाचे होते आणि ते चालवायला पाच माणसे लागत. रोगी हात व पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. यंत्र रुग्णालयात नेणे अशक्य. म्हणून 1905 साली आइन्टहोवेन यांनी सुमारे दीड किलोमीटर अंतरावरच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेने आलेख प्रयोगशाळेत आणला. 1924 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तरीही एक अडचण होती. ताल बिघडतो तो पुष्कळदा मधूनच. तपासणीच्या क्षणी तो नीट असतो. अमेरिकेतील नॉर्मन होल्टर यांनी यंत्रच माणसाच्या पाठीवर दिले. त्यांचे पहिले यंत्र सुमारे 38 किलोचे होते! ट्रान्झिस्टर आले, यंत्र आटोपशीर झाले आणि 1961 साली होल्टर यांनी आपली पद्धत 'सायन्स' या नियतकालिकात मांडली. रोजचे व्यवहार चालू असताना दिवसभराची नोंद मिळू लागली.

आपल्या रायगड जिल्ह्यातही तालाच्या निरीक्षणाचा एक मोठा धडा आहे. महाड तालुक्यात डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय यांची बारकाईने नोंद ठेवली. हृदयावरील संकटाची ही पूर्वसूचना त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग त्यांनी दाखवला आणि अनेक प्राण वाचले. येथे निदान झाले ते निरीक्षणातून.

आज पेण किंवा रोह्याच्या एखाद्या घरातही मनगटी घड्याळावर हृदयाचा आलेख काढता येतो. डाव्या मनगटावर घड्याळ आणि त्यावर उजव्या हाताचे बोट : ही आइन्टहोवेन यांचीच पहिली जोडणी! असे यंत्र अलिंदांचे अनियमित कंपन पकडू शकते. या विकारात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो. म्हणून त्याचा वेळीच शोध लागणे मोलाचे.

मात्र हे यंत्र हृदयाकडे एकाच दिशेने पाहते. दवाखान्यातील आलेखात बारा दिशा असतात. हृदयविकाराचा झटका आलेला असतानाही घड्याळ 'ताल नियमित' असे सांगू शकते. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, दरदरून घाम येत असेल, तर घड्याळाच्या भरवशावर घरी थांबणे जिवावर बेतेल. रोह्याहून मुंबईची मोठी रुग्णालये शंभर किलोमीटरहून दूर आहेत. येथे गमावलेला अर्धा तास भरून निघत नाही. अशा वेळी प्रथम जवळचे रुग्णालय गाठावे.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. विद्यार्थ्यांनी मनगटावरील नाडी पूर्ण एक मिनिट मोजावी आणि संख्येबरोबर तालही टिपावा. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. तरुण वयात हा फरक अगदी स्वाभाविक आहे. ताल किंचित बदलला म्हणजे रोग नव्हे, आणि ताल नियमित म्हणजे आरोग्याची हमीही नव्हे, हे मुलांना स्वतःच्या बोटांनीच उमजेल.